पीएसए उतरवला इंजेक्शनने, पैसे उकळले चूर्णवाल्याने

काकांना प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हा तो हाडांत पोचलेला होता. पीएसए, म्हणजे हा आजार वाढला की रक्तात चढणारा आकडा, ८६. कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा ग्लिसन स्कोअर दहापैकी ९. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी घ्यायचं हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं. हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो. त्याची रसद तोडली की बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो. चार्ल्स हगिन्स या सर्जनांनी हे १९४१ मध्ये दाखवून दिलं, १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तेवढ्यात ओळखीतून एका ‘वैद्यां’चा नंबर आला. फोनवर त्यांचा पहिलाच प्रश्न, “इंजेक्शन चालू झालं का? कधी?” आजार कुठवर पसरलाय, हे विचारलंही नाही. सगळी मेख इथेच होती. इंजेक्शनने पीएसए उतरायला काही आठवडे लागतात, चूर्ण त्याच वेळात सुरू करायचं. पुढचा रिपोर्ट आला ३.२. “बघा काका, आमच्या औषधाचा गुण! आता ते विषारी इंजेक्शन कशाला टोचून घेताय?”

काकांनी पुढचं इंजेक्शन घेतलं नाही. आधीच्या इंजेक्शनचा असर एकदम जात नाही, म्हणून आकडे काही काळ चांगलेच राहिले आणि श्रेय चूर्णाला मिळत गेलं. मग पीएसए चढला, कंबर धरली. वैद्य म्हणाले, “विष बाहेर पडतंय.”

डबीवर ना उत्पादकाचं नाव, ना परवाना क्रमांक, ना बॅच नंबर. महिन्याला अठरा हजार घेऊन पावती दिली ती गोसेवेच्या देणगीची! बिल मागितलं तर म्हणाले, “सेवेचं कधी बिल असतं का?”

चूर्णानेच पीएसए उतरला असेल तर? तसंही घडलंय. अमेरिकेत ‘पीसी-स्पेस’ नावाच्या वनस्पतींच्या कॅप्सूल या आजारावर खपायच्या. २००२ मध्ये त्या मागे घ्याव्या लागल्या. तपासणीत त्यांत कृत्रिम स्त्री-हार्मोन आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन सापडलं. म्हणजे हार्मोनचाच उपचार, पण लपूनछपून, मात्रेचा पत्ता नसताना.

काकांना कंबरेवर रेडिएशन द्यावं लागलं, इंजेक्शनही पुन्हा सुरू आहे. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात हा १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली. सोबत पावती आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज जोडले. डब्या मात्र काकूंनी संतापून कचऱ्यात टाकल्या होत्या, कपाटामागे पडलेली एकच हाती लागली. तुमच्याकडे अशा डब्या असतील तर तपासणीसाठी जपून ठेवा, न उघडलेली असेल तर फारच उत्तम.