अक्कलदाढ काढताना: नुसतं भुलीचं इंजेक्शन की सेडेशन?

कोथरूडच्या माझ्या मावसबहिणीची अक्कलदाढ काढायचीय. भीतीनं तिची झोप उडालीय.

खर्चात लिग्नोकेनचं, म्हणजे हिरडी बधिर करणारं, इंजेक्शन स्वस्त. ते बहुधा दाढ काढण्याच्या बिलातच येतं. सेडेशनला, म्हणजे औषधानं गुंगी आणायला, भूलतज्ज्ञांची फी वेगळी लागते, म्हणून आधीच लेखी अंदाज मागा.

इंजेक्शननं दुखणं थांबतं, पण दाब आणि करकर जाणवते. खरी धास्ती त्याचीच, आणि ती खोटी नाही. सेडेशनमध्ये शिरेतून दिलेल्या मिडाझोलाम या औषधानं गुंगी येते, पुढचं फारसं आठवत नाही; हिरडीत इंजेक्शन मात्र तेव्हाही घ्यावंच लागतं. शिवाय आधी ६ तास उपाशी, सोबतीला माणूस, नंतर २४ तास स्कूटर बंद. पुण्यात हे जडच जातं.

दाढ सरळ आणि भीती थोडी असेल तर इंजेक्शन पुरे. हाडात आडवी रुतली असेल किंवा खुर्ची पाहूनच थरकाप होत असेल, तर सेडेशनचे पैसे सार्थकी लागतात.