ट्रेनिंगच्या नावाखाली बॉण्ड: सही करण्याआधी खर्चाचा हिशोब मागा

घरातलं कुणी पहिल्यांदा नोकरीला लागत असेल तर पेढे वाटायच्या आधी त्याच्यापुढे ठेवलेले सगळे कागद एकदा वाचून घ्या. माझ्या भाच्याच्या बाबतीत जे झालं ते म्हणूनच लिहितोय.

लातूरचा मुलगा. इंजिनिअरिंग करून पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत लागला. ऑफर लेटरमध्ये बॉण्डचा, म्हणजे ठराविक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचा, उल्लेख नव्हता. रूमचं डिपॉझिट भरून, सामान टाकून तो रुजू व्हायला गेला, तेव्हा स्टॅम्प पेपर पुढे आला. कंपनी तुमच्या प्रशिक्षणावर अडीच लाख रुपये खर्च करत आहे, दोन वर्षांच्या आत सोडलंत तर पूर्ण रक्कम भरावी लागेल, असा मजकूर. जामीनदार म्हणून वडिलांची सही. दहावी, बारावी आणि डिग्रीची ओरिजिनल कागदपत्रं "व्हेरिफिकेशनसाठी" जमा. शिवाय सही केलेले दोन कोरे चेक. "सगळेच देतात, रांग थांबलीय," असं एचआरच्या बाई म्हणाल्या. कराराची प्रत नंतर मेल करू म्हणाल्या. ती कधीच आली नाही.

आता ते अडीच लाखांचं ट्रेनिंग ऐका. तीन आठवडे एका खोलीत प्रोजेक्टरवर व्हिडिओ, तेही नेटवर फुकट मिळणारे. शिकवायला आदल्या वर्षी लागलेला एक मुलगा. नंतर थेट ग्राहकाचं काम: रात्रपाळीत डेटा दुरुस्त करणं, स्क्रीन तपासणं. या कामाचे पैसे कंपनी ग्राहकाकडून घेत होती आणि मुलांना "ट्रेनी" म्हणून दरमहा 12 हजार हातावर ठेवत होती. कायम केल्यावर पगार वाढेल हा शब्दही पाळला नाही. विचारलं की परफॉर्मन्सचं कारण पुढे यायचं.

दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली तेव्हा त्याने राजीनामा दिला. लगेच अडीच लाखांची नोटीस आली, शेवटचा पगार अडकला. नोटिशीसोबत कराराची झेरॉक्स होती, ती मी तेव्हा प्रथम वाचली. मी हिशोबाचंच काम करतो, त्यामुळे दोन गोष्टी लगेच खटकल्या. पहिल्या महिन्यात सोडा की तेविसाव्या, रक्कम तीच. खरा खर्च वसूल करायचा असता तर मुलगा जितका काळ राबला तितकी ती कमी व्हायला हवी होती. आणि एका कलमात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कंपनीने कामगिरीच्या कारणावरून काढलं तरी पैसे भरायचे. म्हणजे त्यांनी काढलं तरी आपणच देणेकरी! याला प्रशिक्षणाचा खर्च म्हणायचं?

वकिलांनी जे समजावलं ते नीट लक्षात घ्या, कारण "बॉण्डला कोर्टात किंमत नसते" असं अनेक जण ठोकून सांगतात आणि ते खरं नाही. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा आणि 2 लाख रुपयांचा बॉण्ड वैध ठरवला. मात्र ती सरकारी बँक होती. अट भरतीच्या जाहिरातीतच छापलेली होती, आणि माणूस मध्येच गेला तर पुन्हा अखिल भारतीय भरती करायला बँकेला खर्च येतो हे न्यायालयाने धरलं. याउलट 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खाजगी कंपनीच्या प्रकरणात बॉण्ड 2 लाखांचा होता, पण दाखवलेला खर्च 67,596 रुपये. कर्मचाऱ्याने तीनपैकी दोन वर्षं काम केलेलं, म्हणून कंपनीच्या पदरात पडले फक्त 22,532. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. सक्तीने नोकरीत डांबून ठेवण्याचा हुकूम तर कुठलंच कोर्ट देत नाही.

खरा धोका कोऱ्या चेकचा. बॉण्डचे पैसे वसूल करायला कंपनीला दिवाणी दावा लावावा लागतो. चेकवर मात्र आकडा भरून तो बँकेत टाकला आणि परत आला की चेकसंबंधीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार करता येते. "स्टॉप पेमेंट" दिलं म्हणून सुटका होत नाही. सही तुमची असली की चेक काहीतरी देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो, तसं नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. म्हणून वकिलांनी नोटिशीला ताबडतोब लेखी उत्तर दिलं: चेक कोरे घेतलेले आहेत, कसलंही देणं नाही, ट्रेनिंगच्या खर्चाची बिलं दाखवा, कागदपत्रं परत करा. बिलं आजपर्यंत आलेली नाहीत. पीएफला हात लावण्याची धमकीही दिली होती. ती पोकळ होती, कारण पीएफची रक्कम अशी जप्त करता येत नाही. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पीएफच्या नोंदीत टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आपल्याला स्वतःला पीएफच्या पोर्टलवर टाकता येते.

तरीही आम्ही 40 हजार मोजले. नव्या कंपनीला रुजू होताना ओरिजिनल मार्कशीट हव्या होत्या, आणि त्या यांच्या कपाटात. कोर्टात जिंकेपर्यंत ती जागा राहिली नसती. त्यांना हे पक्कं माहीत असतं, सगळा धंदा त्यावरच चालतो. चीड येते ती याची. शिकायला कर्ज काढलेल्या घराकडून, त्याच्याच मार्कशीट अडवून पैसे काढायचे!

तुमच्यावर अशी वेळ आली तर ओरिजिनल फक्त दाखवा, झेरॉक्सवर सही करून द्या. ठेवूनच घ्यायची म्हणाले तर यादीसह पोच घ्या. कोरा चेक अजिबात देऊ नका. खर्चाचा तपशील, महिन्यागणिक घटणारी रक्कम आणि "कंपनीने काढल्यास देणं नाही" हे वाक्य करारात घालायला सांगा, आणि प्रत हातात पडल्याशिवाय सही करू नका.

40 हजारांची पावती मागितली तेव्हा तिच्यावर "ट्रेनिंग खर्च" लिहायला ते तयार झाले नाहीत. "फुल अँड फायनल" एवढंच लिहून दिलं. एक चेक परत मिळाला, दुसरा सापडत नाही म्हणाले. तो रद्द समजावा असं चेकच्या नंबरासह त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घेतलं, त्याची प्रत बँकेत दिली आणि मगच तिथून उठलो.