ट्रस्टझोन की वेगळी सुरक्षा चिप? आयओटी उपकरणाचा आराखडा ठरवण्याआधी

स्मार्ट कुलूप, मीटर, कॅमेरा किंवा सेन्सर, काहीही बनवा. उपकरणाची प्रायव्हेट की, म्हणजे सर्व्हरला त्याची ओळख पटवणारी गुप्त किल्ली, कुठे ठेवायची हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. ती मुख्य प्रोग्रामच्याच मेमरीत ठेवली, तर वाय-फायच्या कोडमधली एक चूकही ती चोरीला जायला पुरते. तिच्यासाठी विलग जागा हवी, यावर फारसं दुमत नाही. ती जागा त्याच प्रोसेसरच्या आत असावी की बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये, हा खरा प्रश्न. माझ्या मते किंमत आणि वेग नंतर बघावेत. उपकरण परक्याच्या हाती पडणार आहे का, हे आधी बघावं.

प्रोसेसरच्या आतला पर्याय म्हणजे प्रोसेसरचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीचं ट्रस्टझोन. फोनमधल्या कॉर्टेक्स-ए प्रोसेसरांत ते जुनंच. छोट्या मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे उपकरणांतल्या एकचिपी संगणकांसाठी, ते २०१६ मध्ये जाहीर झालेल्या कॉर्टेक्स-एम२३ आणि एम३३ मधून आलं. मेमरी, टायमर, पोर्ट यांची सुरक्षित आणि सामान्य अशी वाटणी होते. सामान्य कोडला सुरक्षित बाजूचं फंक्शन हवं असेल, तर ठरलेल्या दारातूनच आत यावं लागतं. त्या दाराशी ‘एसजी’ नावाची सूचना असते. ती सोडून दुसरीकडे उडी मारली की हार्डवेअर फॉल्ट देतं. जास्तीची चिप लागत नाही, वेग प्रोसेसरचा पूर्ण मिळतो, आणि मुख्य म्हणजे आत तुमचा स्वतःचा कोड चालतो. कुलूप उघडायचं की नाही हा निर्णयसुद्धा आत घेता येतो.

पाणी मुरतं तेही इथेच. समजा, बाहेरचा कोड म्हणाला, ‘किल्लीने डिजिटल सही करून मेमरीतल्या या पत्त्यावर लिहून दे’, आणि पत्ता दिला सुरक्षित मेमरीतला. सुरक्षित बाजूला तिथे लिहायचा अधिकार आहेच, त्यामुळे हार्डवेअर अडवत नाही. तुमचाच कोड तुमचीच मेमरी बिघडवतो. आलेला प्रत्येक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, खरंच बाहेरचा आहे का, हे तपासायला कंपायलर तयार फंक्शन देतो, पण ते न विसरता वापरणं तुमच्याकडे. शिवाय माहिती आधी आत कॉपी करायची आणि मगच तपासायची, नाहीतर तपासणी आणि वापर यांच्यामध्ये ती बदलली जाऊ शकते. म्हणून आत स्वतःचं फार काही लिहू नका. ट्रस्टेड फर्मवेअर-एम हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार आहे, त्यातल्या सेवा वापरा.

उपकरण हातात आलं की चित्र पालटतं. डिसेंबर २०१९ मध्ये थॉमस रोथ यांनी केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या परिषदेत दाखवलं, की चिपच्या व्होल्टेजला नेमक्या क्षणी झटका देऊन ही विभागणी ओलांडता येते. त्याआधी २०१७ मधल्या क्लॉकस्क्रू या संशोधनाने तर फोनच्या प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज निव्वळ सॉफ्टवेअरने बिघडवून ट्रस्टझोनमधली किल्ली काढली होती.

दुसरा पर्याय सिक्युअर एलिमेंटचा, म्हणजे किल्ली जपणाऱ्या वेगळ्या चिपचा: मायक्रोचिपची एटीईसीसी६०८, एनएक्सपीची एसई०५०, इन्फिनिऑनची ऑप्टिगा ट्रस्ट एम. किल्ली आतच तयार होते आणि बाहेर येत नाही. व्होल्टेजचे झटके आणि वीजवापर मोजून किल्ली शोधणं, असे हल्ले गृहीत धरूनच या चिप बनतात. चिप एकमेकींना जोडणाऱ्या आयटूसीच्या दोन तारांवर बसतात, त्यामुळे जुन्या बोर्डाचा प्रोसेसर बदलावा लागत नाही. मात्र कामं ठरलेलीच. मोठा डेटा एन्क्रिप्ट करायला त्या धीम्या, आणि एटीईसीसी६०८ ला तर एलिप्टिक कर्व्ह या किल्ल्यांच्या पद्धतीत फक्त पी-२५६ हा एकच प्रकार चालतो.

त्या दोन तारा मात्र विसरू नका. चिप आणि प्रोसेसर यांच्यातलं बोलणं उघडं असेल, तर प्रोब लावून ते ऐकता येतं, बदलताही येतं. एसई०५० मध्ये ते एन्क्रिप्ट करायची सोय आहे, पण त्यासाठीची किल्ली प्रोसेसरकडेही ठेवावी लागते. ती कुठे ठेवणार? म्हणजे पुन्हा ट्रस्टझोनच आठवतं. शिवाय मागणी कोणाची आहे हे चिपला कळत नाही. प्रोसेसर ताब्यात गेला, की हल्लेखोर किल्ली न चोरताही हवी तेवढी कामं करून घेतो. फर्मवेअर, म्हणजे उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर, दुरुस्त केल्यावर ओळख शाबूत राहते, हा फायदा मात्र मोठा आहे.

चिपमध्येच खोट निघाली तर? २०२४ मध्ये निंजालॅब या सुरक्षा संशोधन संस्थेने इन्फिनिऑनच्या चिपमधली ईसीडीएसए, म्हणजे डिजिटल सहीची, किल्ली विद्युतचुंबकीय लहरी मोजून काढली. त्या चिप वापरणाऱ्या जुन्या युबिकी ५ या लॉगिनसाठीच्या सुरक्षा किल्ल्यांना फर्मवेअर अपडेट देता येत नाही. ट्रस्टझोनमधला कोड, तशी व्यवस्था आधी केली असेल तर, दुरून बदलता येतो.

आर्मऐवजी रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्याचा प्रोसेसर असेल, तर त्यातल्या पीएमपी या मेमरी-संरक्षणाच्या सोयीने मेमरी विभागता येते. बाकी हिशोब ट्रस्टझोनसारखाच.

एका चुकीपुढे दोन्ही पर्याय हतबल आहेत: सगळ्या उपकरणांना एकच किल्ली. २०१६ मध्ये संशोधकांनी फिलिप्स ह्यू दिव्यांचं फर्मवेअर जपणारी सामायिक किल्ली वीजवापर मोजून काढली आणि स्वतःचं फर्मवेअर दिव्यात चढवलं. प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली देता येत नसेल, तर बाकीची तुलना व्यर्थ आहे. त्याच वर्षीचा मिराई हा उपकरणांवर पसरलेला घातक प्रोग्राम तर कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून शिरला. तिथे कुठलीच विलग जागा कामी आली नसती.

म्हणून नवा बोर्ड असेल आणि उपकरण बंदिस्त जागेत राहणार असेल, तर ट्रस्टझोन घ्या. जुना बोर्ड वाचवायचा असेल, तर सिक्युअर एलिमेंट. बाहेर भिंतीवर राहणारी कुलपं, मीटर, कॅमेरे यांना दोन्ही द्या. तिथे काटकसर करू नये असं मला मनापासून वाटतं.

सॅम्पल मागवताना तीन गोष्टी विचारा. डीबग पोर्ट, म्हणजे चिपच्या आत डोकावायचं तपासणीचं दार, कायमचा बंद होतो का? जुनं, सदोष फर्मवेअर परत चढवणं अडवता येतं का? आणि कारखान्यात किल्ली कोण भरतं? अनेकदा शेवटच्या प्रश्नावरच निवड ठरते. सिक्युअर एलिमेंट किल्ली आणि प्रमाणपत्रासह तयार मिळू शकतं. ट्रस्टझोनमध्ये किल्ली चिपने आतच तयार केली, तरी कोणती सार्वजनिक किल्ली (गुप्त किल्लीची उघडी जोडीदार) कोणत्या उपकरणाची, ही नोंद तुमच्या असेंब्ली लाइनवर विश्वासाने व्हायला हवी. ते काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे असेल, तर जास्तीच्या चिपचे पैसे मोजलेले बरे.