सेकंडहँड मिनीव्हॅन, "रिकॉल क्लिअर"चा कागद आणि माझे ४,४३० डॉलर

हे लिहायला मला जवळपास वर्ष लागलं, कारण लाज वाटत होती. एकोणीस वर्षं अमेरिकेत आहे, चार गाड्या घेतल्यात, आणि तरी फसलो. पण गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकाने अगदी असाच "रिकॉल क्लिअर" कागद (गाडीत दोष निघाला की कंपनी ती फुकट दुरुस्तीला परत बोलावते, तो रिकॉल; असा एकही बाकी नाही असं सांगणारा) मला अभिमानाने दाखवला तेव्हा म्हणलं बस झालं, लिहितोच.

एप्रिल २०२३. मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचे होते. आम्ही चौघं आणि ते दोघं, सेडानमध्ये कुठे मावणार. आईचे गुडघे गेलेत, तिला एसयूव्हीत चढता येत नाही, म्हणून सरकत्या दाराची मिनीव्हॅन हवी होती. नवीन परवडत नव्हती. न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका युज्ड कार लॉटवर नऊ वर्षांची एक व्हॅन मिळाली, ९१ हजार मैल, आतून स्वच्छ, किंमत १२,९०० डॉलर. (कंपनीचं आणि लॉटचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे.) सेल्समन नाशिकचा निघाला. "साहेब, आई-बाबा येतायत ना, मग दुसरं काही बघूच नका. माझ्या आईसाठी घेतली असती तर हीच घेतली असती." आपल्या भाषेत कोणी बोललं की माणूस सैल होतो, मी पण झालो. ह्यात माझी काय चूक होती ते अजून मला कोणी सांगावं.

आता तो क्षण, जो मला रात्री झोपेत पण दिसतो.

शनिवार १५ एप्रिल. निघताना साडेचारला मी त्याला फोन केला की येतोय. पाच वाजून गेल्यावर पोचलो. गाडी चालू करून दिली, मुलगी ड्रायव्हर सीटवर चढून बसली आणि मी तिचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. डॅशबोर्डच्या घड्याळात १२:४० वाजले होते. मी विचारलं, घड्याळ चुकीचं का? तो हसला, म्हणे "मार्चात टाइम बदलला ना साहेब, कोणी सेटच केलं नाही." आणि मी मान डोलावली!! मार्चात टाइम बदलतो तो एक तासाने. सव्वापाचच्या जागी सव्वाचार दिसायला हवे होते. रेडिओवर एकही स्टेशन सेव्ह नव्हतं, ट्रिप मीटर शून्यावर होता, ९१ हजार मैल चाललेल्या गाडीत! बॅटरी काढून परत लावली की बऱ्याच गाड्यांचं घड्याळ १२ पासून सुरू होतं. मी फोन ठेवल्याबरोबर त्याने बॅटरी काढली आणि लावली, म्हणजे साठलेले एरर कोड पुसले गेले आणि "चेक इंजिन"चा पिवळा दिवा विझला. इंजिनिअर आहे मी, हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून त्या वेळी डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात आईचे गुडघे होते आणि तो सारखं सांगत होता की उद्या रविवार, सोमवारी सकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. न्यू जर्सीत रविवारी गाड्या विकायला कायद्याने बंदी आहे, ते ह्या लोकांना शनिवारी संध्याकाळी बरोबर वापरता येतं. शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊ नका.

मी रिकॉलचं विचारलं होतं, हे नीट वाचा, विचारलं होतं. त्याने फाइलमधून प्रिंटआउट काढून दिला. व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) माझ्याच गाडीचा, एकेक आकडा मी जुळवला, आणि खाली लिहिलेलं की न दुरुस्त केलेले रिकॉल शून्य. त्याने कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर स्वतःचं कार्ड स्टेपल करून दिलं होतं. कार्डाखाली तारीख होती, नोव्हेंबर २०२२. रिकॉल निघाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. कागद खोटा नव्हता, शिळा होता. एनएचटीएसएच्या (केंद्राचं रस्ते-सुरक्षा खातं) साइटवर १७ अक्षर-आकड्यांचा व्हिन टाकायला अर्धा मिनिट लागतो, फुकट असतं, तिथे उभं राहून स्वतःच्या फोनवर टाका. दुसऱ्याने दिलेला कागद कितीही खरा दिसू दे.

पैसे असे गेले: गाडी १२,९००, डॉक्युमेंट फी ४९५, ह्या दोन्हींवर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स ८८७.४२, आणि त्याने गळ्यात मारलेला सर्व्हिस काँट्रॅक्ट (विकत घ्यायची दुरुस्तीची हमी) १,९९५. एकूण १६,२७७ डॉलर ४२ सेंट, टायटल-रजिस्ट्रेशन वेगळं.

दोन आठवड्यांनी इन्स्पेक्शनला नेली तर रिजेक्ट. तिथला माणूस म्हणाला, गाडीचे मॉनिटर (गाडीचा कंप्युटर स्वतःच करतो त्या तपासण्या) रेडी नाहीत, हल्लीच बॅटरी काढली होती का? मी म्हणलं नाही. तो बिचारा म्हणाला थोडी चालवून परत आणा. आठवड्याने नेली, पास झाली, मी खूश. परक्या माणसाने तोंडावर सांगितलं आणि तरी मला दिसलं नाही! इन्स्पेक्शन पास झाली म्हणजे गाडीचं वायरिंग चांगलं असं काही नसतं, तिथे मुख्यतः प्रदूषणाचं बघतात. वीस-तीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले कोड वाचणारं यंत्र) मिळतो, गाडी बघायला जाताना खिशात ठेवा. बरेच मॉनिटर "नॉट रेडी" दिसले तर हात जोडून निघून या.

मे महिन्यात पाऊस पडला की डॅशबोर्डचे दिवे फडफडायचे, वायपर आपोआप एकदा फिरायचा, दार बंद असून उघडं असल्याची घंटी वाजायची. सेल्समनला फोन केला. "बॅटरी जुनी असेल साहेब, बदलून घ्या." बदलली, १८९.४० डॉलर. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मेमोरियल डेच्या वीकएंडला नायगाराला निघालो. ज्यांचे आई-बाबा इंडियाहून येतात ते सगळे एकदा तरी ह्या रस्त्याने जातात. आय-८० वरून आय-३८०, मग आय-८१, आणि स्क्रॅन्टनजवळ, मधल्या लेनमध्ये, ६५ च्या स्पीडला डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन बंद. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागून ट्रक येत होते. हॅझर्ड लागेनात. कशी शोल्डरला घेतली मला आठवत नाही, फक्त आईचा आवाज आठवतो, ती मागून मोठ्याने स्वामींचं नाव घेत होती. जळल्याचा वास येत होता आणि सरकतं दार बटणाने उघडेना. बाबांनी हँडल धरून जोर लावून उघडलं, वय ७४. आई-बाबांना आणि मुलांना गार्डरेलच्या पलीकडे गवतात उभं केलं, दीड तास. बाबांची इन्सुलिनची पिशवी गाडीत राहिली होती ती आणायला मी परत आत शिरलो, त्याबद्दल बायको अजून बोलते, आणि बरोबर बोलते.

२०१४ सालचं जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण आठवत असेल, चालत्या गाडीत इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायच्या नाहीत, १२४ माणसं गेली त्यात. माझी गाडी त्या कंपनीची नाही आणि दोषही तो नाही. पण चालत्या गाडीची वीज जाणं म्हणजे काय ते मी तेव्हा पेपरात वाचून सोडून दिलं होतं.

टो ४१२ डॉलर. दोन खोल्या एक रात्र २७८. नायगाराचं हॉटेल नॉन-रिफंडेबल, ३६१ गेले. घरी यायला भाड्याची व्हॅन, सुट्टीचे रेट, ७४३.६०. मंगळवारी कंपनीच्या तिथल्या डीलरने तपासायचे १६५ घेतले आणि सांगितलं की डॅशखालचा वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) ब्रॅकेटला घासून शॉर्ट होतो, ह्यावर फेब्रुवारीपासून रिकॉल आहे, पार्ट अजून आलेले नाहीत, तोवर चालवू नका. घरापर्यंत टो अजून ६४०.

मी विचारलं मला पत्र का नाही आलं? पत्र आधीच्या मालकाला गेलं होतं. रिकॉल जाहीर झाला की साठ दिवसांत मालकांना कळवावं लागतं, पार्ट नसले तरी, आणि पार्ट आले की दुसरं पत्र. पण ते जुन्या रजिस्ट्रेशनवरच्या पत्त्यावर जातं. सेकंडहँड गाडी घेतली की त्याच आठवड्यात कंपनीला फोन करून व्हिनवर आपलं नाव-पत्ता चढवा, ती आपोआप कळवेल म्हणून बसू नका.

आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट. मला वाटलं होतं रिकॉलची गाडी दुरुस्त न करता विकणं गुन्हा असणार. नाही! नवीन गाडी तशी विकता येत नाही. ३५ पेक्षा जास्त गाड्या असलेल्या रेंटल कंपनीला तशी गाडी भाड्याने देता येत नाही, तो नियम २०१६ पासून आहे, आणि तोही कॅलिफोर्नियात २००४ साली दोन तरुण बहिणी रिकॉलवाल्या भाड्याच्या गाडीत मेल्या आणि त्यांची आई वर्षानुवर्षं लढली म्हणून आला. पण लॉटवरच्या जुन्या गाडीला केंद्राचा असा कायदाच नाही. म्हणजे तीच व्हॅन एक दिवस भाड्याने दिली तर बेकायदेशीर आणि माझ्या आईसाठी मला कायमची विकली तर चालतं. ह्याला काय म्हणायचं?

न्यू जर्सीत जुन्या गाड्यांचा लेमन लॉ (सदोष गाडी गळ्यात पडलेल्यांसाठीचा कायदा) आहे, तो सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना. माझी नऊ वर्षांची. खिडकीत लावतात त्या बायर्स गाइडवर "ॲज इज, नो डीलर वॉरंटी" (आहे तशी, डीलरची हमी नाही) ह्या चौकोनात निवडल्याची फुली होती आणि खाली माझी सही. सर्व्हिस काँट्रॅक्टवाले म्हणाले रिकॉल ही उत्पादकाची जबाबदारी, आम्ही देणं लागत नाही. रद्द केला तर १,१८० परत आले, ८१५ बुडाले.

मग सरकारी दारं. ग्राहक तक्रारीच्या एका ऑफिसात अकरा पानं आणि सगळ्या पावत्या पाठवल्या. नऊ आठवडे काही नाही. फोन केला की चाळीस-चाळीस मिनिटं होल्ड, एकदा लाइनवर आलेल्या बाई म्हणाल्या तुमची फाइल दिसत नाही, परत पाठवा. परत पाठवली. शेवटी एका पानाचं पत्र, की आम्ही डीलरला विचारलं, डीलरने आरोप नाकारले, आम्ही तुमचे वकील म्हणून काम करू शकत नाही, फाइल बंद. अरे, तो नाकारणारच ना! मग तुम्ही तपासता काय? कार्डाखालची तारीख झाकलेला कागद मी पाठवला होता, तो एकाने तरी वर करून बघितला का? पोलिसांकडे गेलो तर म्हणे सिव्हिल मॅटर. ज्या बँकेचं लोन त्यांनी सांगितलं हप्ता चुकवू नका, क्रेडिट खराब होईल. कंपनीच्या कस्टमर केअरने पाच वेळा केस नंबर दिला, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. पार्ट येईपर्यंत दुसरी गाडी मागितली तर "पॉलिसी नाही". तरी मागा, लेखी मागा, कधीकधी देतात. एनएचटीएसएकडे तक्रार नोंदवाच, ते तुमचं एकट्याचं भांडण सोडवत नाहीत, पण अशा तक्रारी साठल्या की त्यातूनच तपास निघतो.

जून ते डिसेंबर गाडी ड्राइव्हवेत उभी. इन्शुरन्स महिन्याला ११८, सात महिने, ८२६. आईने त्या गाडीत परत पाय ठेवला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी दोघं परत गेले, नायगारा न बघता.

पार्ट जानेवारीत आला. दुरुस्ती फुकट झाली (पंधरा वर्षांपर्यंतच्या गाडीला रिकॉलचं काम फुकटच करावं लागतं, कोणी पैसे मागितले तर देऊ नका). वेळ लागला एक तास पन्नास मिनिटं. हार्नेसवर एक प्लॅस्टिकची नळी आणि एक क्लिप, तळहाताएवढी. त्यासाठी आठ महिने.

वकिलाने ३,५०० आधी मागितले म्हणून मीच स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) गेलो, तिथली मर्यादा आता ५,००० आहे. हिशोब केला तर टो, हॉटेलं, भाडं, तपासणी, बॅटरी, इन्शुरन्स आणि काँट्रॅक्टचे बुडालेले मिळून बरोबर ४,४३०. आई-बाबांचे सहा महिने त्यात धरता येत नाहीत.

कागद गोळा करताना बायकोला तो ग्रुपवरचा फोटो सापडला. मुलगी स्टिअरिंग धरून हसतेय, फोटोची वेळ ५:१२, आणि तिच्या खांद्यामागे डॅशबोर्डवर १२:४०. नीट मोजा: घड्याळ सुरू होऊन चाळीस मिनिटं, म्हणजे ते १२ वर आलं ४:३२ ला. फोनच्या बिलावर माझा कॉल ४:३० चा आहे. फोटो, बिल आणि स्टेपलची भोकं असलेला तो कागद, तिन्हींच्या तीन-तीन प्रती काढून ठेवल्यात. कोर्टाची तारीख १४ मार्चची आहे.