मॅक्सवेल की लाऊ पा सात: सिंगापुरातलं एक जेवण कुठे करावं?

सिंगापूरला निघालेली मित्रमंडळी हमखास विचारतात, एकच जेवण हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखाली खाण्याचे पुष्कळ स्टॉल असतात तिथे, करायचं तर कुठे जाऊ? यादीत शेवटी दोनच नावं उरतात, चायनाटाउनजवळचं मॅक्सवेल आणि ऑफिसांच्या उंच इमारतींमधलं लाऊ पा सात. दोन्हींमध्ये पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, मेट्रोही दोन्हींच्या जवळ येते. त्यामुळे अंतरावरून निकाल लागत नाही.

चवीत मॅक्सवेल पुढे आहे, हे आधी सांगतो. तिथला हैनानी चिकन राइस खाऊनच परत यावं. दिसायला अगदी साधा: उकडलेलं चिकन, बाजूला काकडी आणि मिरचीची आंबटतिखट चटणी. खरी करामत भातात असते. कोंबडीच्याच रश्श्यात, आलं-लसूण घालून शिजवलेला तो भात नुसता खाल्ला तरी चालतो. तिथल्या तियान तियान या चिकन राइसच्या स्टॉलची रांग लांब असते, पण ती सरकते. लाऊ पा सातमध्ये त्या तोडीचा चिकन राइस मला मिळाला नाही, आणि दरही तिथे थोडे चढेच वाटले.

तरीही घरच्यांना घेऊन जायचं असेल, तर मी लाऊ पा सातलाच जातो. कारण आहे बसायची जागा.

मॅक्सवेलला दुपारी बारानंतर टेबलं भरलेली असतात. जी रिकामी दिसतात त्यांवर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवलेलं असतं. ते पाकीट म्हणजे आरक्षण, आणि तिथे सगळे ते निमूट पाळतात. ती शिस्त मला आवडते. पण मग उरतो एकच मार्ग: कुणाचं तरी ताट संपत आलंय असं बघायचं आणि त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. लग्नाच्या पंगतीत खुर्ची धरून उभे राहणारे आठवा, तसंच. मला ते जमत नाही. जेवणाऱ्याला मागून कुणाची तरी नजर जाणवत असते, आणि आपल्याला जागा मिळाली की आपल्या मागे कुणीतरी उभं राहतं. बरोबर वयस्क आई-वडील असतील तर त्यांना तसं तिष्ठत ठेवणं आणखीच जड जातं. एकटे असाल, लवकर जेवण्याची सवय असेल, तर ही अडचण तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. अकराच्या आत पोहोचलात तर मॅक्सवेलसारखी जागा नाही.

लाऊ पा सातलाही दुपारी ऑफिसवाल्यांची झुंबड असते, म्हणून तिथे संध्याकाळी जावं. दिवसभर फिरून आल्यावर त्या छताखाली बसणं हाच अर्धा आनंद आहे. अष्टकोनी इमारत, बारीक नक्षीच्या ओतीव लोखंडी कमानी, मधोमध घड्याळाचा मनोरा. हा मुळात बाजार; त्याची आधीची इमारतही अष्टकोनीच होती, पण समुद्रात भराव टाकताना १८७९ मध्ये ती पाडली गेली. आजची इमारत १८९४ ची. आराखडा नगरपालिकेचे अभियंते जेम्स मॅकरिची यांचा, लोखंड ग्लासगोहून जहाजाने आलेलं. मासळी-भाजीच्या या बाजारात १९७३ मध्ये खाण्याचे स्टॉल आले, त्याच वर्षी ही इमारत राष्ट्रीय स्मारकही झाली. पुढे १९८६ मध्ये मेट्रोच्या कामासाठी अख्खा सांगाडा सुटा करून ठेवला आणि नंतर पुन्हा उभा केला. जुनी वास्तू जपायची आणि तिच्यात रोज जेवायलाही वाढायचं, हे या शहराला जमलंय. आपल्याकडच्या जुन्या मंडयांचं असं काही व्हावं, असं तिथे बसल्यावर फार वाटतं. भिंती नसल्यामुळे आणि छत उंच, टप्प्याटप्प्याचं असल्यामुळे हवाही खेळती राहते.

कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर शेजारची बून टॅट स्ट्रीट गाड्यांना बंद होते आणि रस्त्यावर टेबलं लागतात. कोळशावर साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजायला सुरुवात होते: चिकन, मटण, कोळंबी. सोबत शेंगदाण्याची गोडसर दाट चटणी, काकडी, कच्चा कांदा. शेंगदाण्याच्या कुटावर वाढलेल्या माणसाला ती चटणी परकी वाटत नाही. काही ठिकाणी बीफही असतं, तेव्हा चालत नसेल तर मागवतानाच स्पष्ट सांगा. कोळसा आणि शेंगदाणा यांच्या त्या वासापुढे मॅक्सवेलचा सरस भातही मी थोडा मागे ठेवतो, पण हे माझ्या जिभेचं मत समजा.

शुद्ध शाकाहारी मंडळींना मात्र या दोन्हींपेक्षा लिटल इंडियातलं टेक्का सेंटर सोयीचं. मॅक्सवेल किंवा लाऊ पा सातला नुसती भाजी किंवा टोफू दिसला तरी त्यात कोळंबीची पेस्ट असू शकते.

लाऊ पा सातला जायचं ठरवलंत, तर सातच्या थोडं आधी पोहोचा आणि रस्त्यावर बसायच्या आधी एकदा वर आभाळाकडे बघा. ढग असतील तर छताखालचंच टेबल धरा, कारण सर आली की बाहेरचे सगळे एकदम आत येतात. जेवण झालं की ट्रे मात्र स्वतःच ठेवून या, तिथे आता तसा नियमच आहे.