एक्सोप्लेअरवरून मीडिया३ वर: काही महिने चालवून पाहिल्यावर

आमचं ॲप व्याख्यानं आणि ऑडिओ मालिका ऐकवतं. स्क्रीन बंद असताना चालू राहणं, लॉक स्क्रीनवरची बटणं, ऑफलाइन डाउनलोड आणि अधूनमधून व्हिडिओ, एवढंच त्याचं काम. एक्सोप्लेअर ही अँड्रॉइडवर ऑडिओ-व्हिडिओ वाजवणारी गुगलची लायब्ररी आणि मीडिया३ हे तिचं नवं घर. एक्सोप्लेअरची स्वतंत्र लायब्ररी २०२३ मध्ये २.१९.१ या आवृत्तीवर थांबली. त्याच वर्षी मार्चमध्ये मीडिया३ ची १.० आवृत्ती स्थिर म्हणून आली होती आणि एप्रिल २०२४ पासून जुनं पॅकेज अधिकृतपणे बाद झालं. आम्ही जरा उशिराच हललो. त्याचा एक फायदा झाला, सुरुवातीच्या आवृत्त्यांमधल्या बऱ्याच खाचाखोचा तोवर बुजल्या होत्या.

नावं बदलण्याचं काम लवकर आटोपलं. गुगलने त्यासाठी एक स्क्रिप्ट दिली आहे. आधी ॲप २.१९.१ वर आणायचं, ते नीट चालतंय याची खात्री करायची आणि मग स्क्रिप्ट चालवायची. ती पॅकेजची आणि क्लासची नावं बदलून देते. २.१९.१ चा टप्पा गाळू नका. फार जुन्या आवृत्तीवरून थेट उडी मारली, तर बिल्ड फुटल्यावर दोष जुन्या बदलांचा की नव्या पॅकेजचा हे शोधण्यातच वेळ जातो.

स्क्रिप्टच्या हाती न लागणाऱ्या गोष्टी मात्र गुपचूप त्रास देतात. आमच्या प्लेअरची बटणं आमच्या स्वतःच्या लेआउटची होती. लायब्ररीतल्या ‘एक्सो_स्टाइल्ड_प्लेअर_कंट्रोल_व्ह्यू’ या फाइलच्याच नावाची फाइल ॲपमध्ये ठेवली की आपला लेआउट उचलला जायचा. मीडिया३ मध्ये त्या नावातला ‘स्टाइल्ड’ गेला. जुन्या नावाची फाइल तशीच राहिली तर एरर नाही, क्रॅश नाही. फक्त आपल्या बटणांच्या जागी लायब्ररीची मूळ बटणं दिसतात. शिवाय मीडिया३ मधला प्लेअरव्ह्यू म्हणजे पूर्वीचा स्टाइल्डप्लेअरव्ह्यू. जे अजून जुन्या साध्या प्लेअरव्ह्यूवर होते त्यांना नाव तेच दिसेल, रूप वेगळं.

दुसरी कटकट ‘अनस्टेबलएपीआय’ या खुणेची. लायब्ररीचा बराच भाग अजून अस्थिर म्हणून नोंदलेला आहे आणि तो वापरला की अँड्रॉइड स्टुडिओत लाल रेघा उमटतात. कोड कंपाइल होतो, पण लिंट, म्हणजे कोडमधले दोष तपासणारं साधन, अडवतं. मान्यता द्यायला ‘ऑप्टइन’ लिहायचं. ते अँड्रॉइडएक्सचं हवं, कोटलिनचं नको. एडिटर हमखास कोटलिनचं सुचवतो आणि रेघ काही जात नाही. ‘अस्थिर’ या शब्दाला फार घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की पुढच्या आवृत्तीत त्या मेथडचं नाव किंवा आकार बदलू शकतो. डाउनलोड, कॅशे, ट्रॅक निवड यातलं बरंच काही याच खुणेखाली येतं, त्यामुळे ते टाळून खरं ॲप लिहिणं जमतच नाही.

इथवरचं सगळं किरकोळ. खरं स्थलांतर सुरू झालं ते सेशनपाशी, म्हणजे प्लेअरला लॉक स्क्रीन, हेडफोन आणि आपल्याच स्क्रीनशी जोडणाऱ्या भागापाशी.

पूर्वी आमची सर्व्हिस (स्क्रीन नसतानाही चालणारा ॲपचा भाग) सगळं स्वतः सांभाळायची: प्लेअर, मीडियासेशनकॉम्पॅट, दोघांना जोडणारा कनेक्टर, नोटिफिकेशन मॅनेजर, फोरग्राउंडमध्ये, म्हणजे नोटिफिकेशन दाखवून सिस्टिमने मारू नये अशा स्थितीत, कधी जायचं आणि कधी बाहेर यायचं. स्क्रीन थेट सर्व्हिसला बांधली जायची आणि प्लेअरचा ऑब्जेक्टच हातात घ्यायची. मीडिया३ मध्ये तो कनेक्टर नाहीच. प्लेअर मीडियासेशनसर्व्हिसमध्ये राहतो आणि स्क्रीनला मिळतो मीडियाकंट्रोलर. तोही प्लेअरच असल्यामुळे प्लेअरव्ह्यूला सरळ देता येतो, व्हिडिओसकट. पण तो लगेच मिळत नाही. आधी फ्युचर (नंतर मिळणाऱ्या उत्तराची पावती) हातात येतं आणि जोडणी झाल्यावर कंट्रोलर. ‘स्क्रीन उघडली म्हणजे प्लेअर आहेच’ असं गृहीत धरून लिहिलेला आमचा कोड त्यामुळे जागोजागी बदलावा लागला. हा भाग रटाळ होता. मात्र त्यातूनच स्क्रीनमध्ये शिरलेलं प्लेअरचं लॉजिक बाहेर निघालं.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत कंट्रोलरकडून मीडियाआयटम (काय वाजवायचं त्याची नोंद) पाठवला की त्यातला यूआरआय, म्हणजे फाइलचा पत्ता, सर्व्हिसपर्यंत पोहोचत नसे. तो मुद्दाम गाळला जायचा. आता तो पोहोचतो, पण नुसता आयडी आणि मेटाडेटा पाठवला तर पत्ता नसतोच. म्हणून सेशनच्या कॉलबॅकमध्ये ‘ऑनॲडमीडियाआयटम्स’ लिहून आयडीवरून खरा पत्ता भरावा लागतो. हे ठाऊक नसेल तर प्ले दाबल्यावर काहीच वाजत नाही आणि शोध नेटवर्कच्या दिशेने सुरू होतो. आता मला ही रचना आवडते. सही केलेल्या लिंक बनवणं, डाउनलोड झालेली फाइल असेल तर तीच देणं, हे सगळं एका जागी आलं. ऐकणारा जिथे थांबला होता तिथून सुरू करायचं असेल तर ‘ऑनसेटमीडियाआयटम्स’मध्ये सुरुवातीचा आयटम आणि वेळ दोन्ही देता येतात.

झोपेचा टायमर, पंधरा सेकंद मागे अशा आमच्या स्वतःच्या आज्ञांसाठी सेशनकमांड आहे. ‘ऑनकनेक्ट’मध्ये त्या आज्ञेला परवानगी द्यायला विसरलात तर बटण दाबूनही काही होत नाही. कंट्रोलर सोडून देणंही तितकंच महत्त्वाचं. स्क्रीन थांबताना तो रिलीज केला नाही तर सर्व्हिस बांधलेलीच राहते आणि ॲप बंद केल्यावरही मरत नाही.

मॅनिफेस्टचं, म्हणजे ॲपचे भाग आणि परवानग्या नोंदवणाऱ्या फाइलचं, थोडक्यात. सर्व्हिसला मीडिया३ ची इंटेंट ॲक्शन द्यायची, फोरग्राउंडचा प्रकार ‘मीडियाप्लेबॅक’ लिहायचा आणि अँड्रॉइड १४ पासून त्या प्रकाराची वेगळी परवानगीही. जुने क्लायंट हवे असतील तर मीडियाब्राउझरसर्व्हिसची जुनी ॲक्शनही ठेवायची.

आता रोजच्या वापरातला फरक. नोटिफिकेशनचा कोड आम्ही जवळजवळ पूर्ण उडवला. सर्व्हिस ते स्वतः काढते आणि फोरग्राउंडची ये-जाही सांभाळते. ब्लूटूथ हेडफोन, घड्याळ, गाडीतला स्क्रीन यांच्यासाठी वेगळं काही लिहावं लागलं नाही. अँड्रॉइड १२ पासून ॲप मागे असताना फोरग्राउंड सर्व्हिस सुरू करण्यावर बंधनं आली, आणि पॉज करून थोड्या वेळाने हेडफोनवरून प्ले दाबणाऱ्यांकडे आमचं ॲप कोसळायचं. मीडिया३ च्या १.६ आवृत्तीपासून पॉजनंतरही सर्व्हिस आणखी दहा मिनिटं फोरग्राउंडमध्ये राहते आणि आमच्याकडे या जातीचे क्रॅश लक्षात येण्याइतके कमी झाले. फोन रीस्टार्ट झाल्यावर शेवटचं व्याख्यान पुन्हा सुरू करायला ‘ऑनप्लेबॅकरिझम्प्शन’ आहे. मात्र काय वाजत होतं आणि कुठपर्यंत, हे साठवण्याचं काम आपलंच.

डाउनलोडची मला सर्वात जास्त धास्ती होती. लोकांनी फोनमध्ये उतरवून ठेवलेल्या मालिका अपडेटनंतर गायब झाल्या असत्या तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. डेटाबेस आणि कॅशेची जागा तीच ठेवली आणि जुने डाउनलोड जसेच्या तसे वाजले. तरी प्रकाशित करण्याआधी जुनी आवृत्ती टाकून, त्यात डाउनलोड करून, वरून नवी आवृत्ती चढवून बघाच. नव्या इन्स्टॉलवरची चाचणी इथे निरुपयोगी आहे.

तक्रारी आहेत. मीडिया३ चे सगळे भाग एकाच आवृत्तीचे लागतात, त्यामुळे एक वाढवला की सगळेच वाढवावे लागतात. अस्थिर मेथड आवृत्तीगणिक थोड्या सरकतात, म्हणून प्रत्येक अपडेटला अर्धा दिवस राखून ठेवतो. दस्तऐवजांत सेशनचा भाग पूर्वीपेक्षा खूपच सुधारला आहे, पण काही उत्तरं अजूनही नमुना ॲपचा कोड वाचूनच मिळतात.

एखाद्याच स्क्रीनवर व्हिडिओ दाखवणारं ॲप असेल तर स्क्रिप्ट चालवा, लेआउट तपासा आणि तिथेच थांबा. सेशनच्या भानगडीत पडायची गरज नाही. मागे वाजत राहणारं ॲप असेल तर नामांतर आणि सेशन ही दोन वेगळी प्रकाशनं करा. आम्ही तसंच केलं, आणि दुसऱ्या प्रकाशनानंतर आलेले दोष शोधणं त्यामुळे सोपं गेलं.

एक गोष्ट अजून बाकी आहे. आम्ही वापरत असलेली एक त्रयस्थ ॲनालिटिक्स लायब्ररी आतून जुनंच एक्सोप्लेअर ओढून आणते. पॅकेजची नावं वेगळी असल्याने दोन्ही सुखाने नांदतात, पण ॲपचा आकार उगाच वाढतो आणि तिचा प्लेअर ऐकणारा भाग आमच्या नव्या प्लेअरला ओळखत नाही. ती लायब्ररी बदलेपर्यंत ऐकण्याचे आकडे आम्ही प्लेअरच्या लिसनरमधून स्वतःच पाठवतो आहोत.