फोंड्याच्या वरच्या बाजारातलं डीटीपी-बाइंडिंगचं दुकान: जुनी कागदपत्रं असतील तर इथेच न्या

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा मोसमवार इतिहास छापून, बांधून घ्यायचा होता. खेळाचा विभाग इतकी वर्षं सांभाळला, त्यामुळे हे काम कुणाच्याही हाती द्यायची माझी तयारी नव्हती. या दुकानात दिलं आणि समाधान झालं.

कागद कसे होते ते आधी सांगते. जिमखान्याच्या कपाटातल्या स्कोअरशीटच्या कार्बन प्रती, सादळलेल्या, काहींना बुरशी. गोव्याच्या पावसात कागदाचं जे होतं ते सगळं झालेलं. दुकानदाराने गंजलेल्या पिना हळूच काढल्या आणि एकही पान मशीनमध्ये न सरकवता एकेक काचेवर पालथं ठेवून स्कॅन केलं.

त्याहून मोलाचे त्यांचे प्रश्न. ‘‘मॅडम, जुन्या पानांवर दोन हाफ, नव्यांवर चार क्वार्टर. तक्ता एकच कसा करू?’’ अगदी नेमकं पकडलं! फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, २००० साली वीस मिनिटांचे दोन हाफ काढून दहा मिनिटांचे चार क्वार्टर केले. जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात ती रेषा १९८४ मध्ये आली आणि २०१० मध्ये बास्केटपासून ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली. हे ठाऊक नसलेला माणूस १९८२ चा आणि २०१२ चा स्कोअर शेजारी ठेवून भलताच निष्कर्ष काढेल. म्हणून जिथे नियम बदलला त्या मोसमाखाली त्यांनी बारीक टीप टाकली. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधीच्या, मुंबई विद्यापीठाच्या काळातल्या मोसमांचा विभागही वेगळा केला.

कॉलेजातून सूचना आली होती की फक्त जिंकलेले मोसम घ्या, पानं वाचतील. दुकानदार म्हणाले, ‘‘गाळू नका, हवं तर मी पानामागे दर कमी लावतो.’’ मला हे मनापासून पटलं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचंच बघा. जीनो ऑरिएमा प्रशिक्षक झाले तो १९८५-८६ चा मोसम १२ विजय, १५ पराभव असा गेला, आणि तो त्यांच्या नोंदीत तसाच आहे. त्याच माणसाच्या संघाने १९९४-९५ मध्ये ३५ पैकी ३५ सामने जिंकून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आमच्या मुली सगळे सामने हरल्या ते मोसमही आता पुस्तकात आहेत, कोण किती फाउलवर बाहेर गेली यासकट. २०२०-२१ चं पानही ठेवलंय, ‘महामारीमुळे सामने नाहीत’ एवढंच लिहून.

आता उणिवा. त्यांचा मराठी फॉन्ट जुना आहे, रफार सरकतो. ‘कुर्टी’, ‘पर्वरी’ नीट आहेत ना ते प्रूफात डोळ्यांत तेल घालून बघा. संघाचे फोटो काळपट आले. दोन पानं त्यांनी पैसे न घेता पुन्हा छापली, तरी चेहरे हवे तसे उठले नाहीत. चतुर्थीच्या आधी काम देऊ नका, तेव्हा मंडळांच्या पावतीपुस्तकांची रांग असते. गाडी लावायला जागा नाही, कदंब बसस्टँडवरून चालत गेलेलं बरं.

बांधणी मात्र पक्की. दोऱ्याची शिलाई, कापडी पाठ, पुस्तक सपाट उघडतं. मूळ स्कोअरशीट क्रमाने लावून पुठ्ठ्याच्या पेटीत परत मिळाल्या, एकही कमी नाही.